गुडघा टेकायचा नाही

गुडघा सुजलेला दिसला की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो ‘झीज’. त्यात बाई सत्तेचाळीस वर्षांची असेल तर दुसरा विचारही कुणी करत नाही. माझा उजवा गुडघा सुजला तेव्हा शेजारच्या काकूंनी, बँकेतल्या मैत्रिणींनी आणि आमच्या आत्याने मला अगदी काळजीपोटी सांगितलं, वंगण संपत आलंय, आता जिने टाळ, चालणं कमी कर, डोंगर तर विसरच. माझं दुखणं झीज नव्हतं. तो होता बर्सायटिस, म्हणजे गुडघ्याच्या वाटीपुढच्या छोट्या पिशवीला आलेली सूज. हा फरक वेळेवर कळला म्हणून मी आज चालते-फिरते, डोंगर चढते, रांगोळीही घालते. ज्यांना हा शब्द नुकताच कुणा डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मिळाला असेल, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे.

मी डोंबिवलीची. नोकरी बँकेत, जीव रांगोळीत. आमच्याकडे १९९९ पासून गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघते आणि त्या निमित्ताने रस्त्यावर रांगोळ्या घालायच्या म्हणजे रात्रभराचं काम. रस्ता झाडायचा, खडू-दोरीने वर्तुळं आखायची, चाळणीने रंग पसरायचा आणि मग पाची बोटांतून पांढरी रेघ सोडत जायचं. सर्परेषा, शृंखला, गोपद्म, शंख, कलश. बघणाऱ्याला हात दिसतो. पण तो हात लांबवर पोचावा म्हणून अख्ख्या शरीराचा भार डांबरावर टेकलेल्या गुडघ्यावर असतो. माझा उजवा हात पुढे जातो तेव्हा उजवा गुडघा खाली असतो. त्या वर्षी पाडव्याच्या आधी एका प्रदर्शनासाठी व्यक्तिचित्राची रांगोळीही होती. सभागृहात कोटा लादी, आणि चेहऱ्यातल्या छटा भरायला संध्याकाळच्या संध्याकाळी एकाच जागी गुडघे टेकून बसणं. शिवाय रोजचे सूर्यनमस्कार, ज्यात गुडघा पुन्हा जमिनीला लागतोच.

दुखण्याने सुरुवात झालीच नाही. पाडवा उलटून गेल्यावर एकदा आंघोळीच्या वेळी साबणाचा हात फिरवताना गुडघ्याची वाटी हाताला लागेना. तिच्यावर मऊ, हलणारा, लिंबाएवढा फुगवटा होता. दाबलं तर दुखायचं. मांडी घालून बसलं की कातडी ताणल्यासारखी व्हायची. सपाट रस्त्यावर चालताना मात्र काहीच नाही. म्हणूनच ‘झीज’ या निदानावर माझा विश्वास बसेना. सांधा झिजला असेल तर चालताना, जिना उतरताना कळ यायला नको का?

अस्थिरोग तज्ज्ञांनी आधी बराच वेळ नुसतं हाताने तपासलं. पाय पूर्ण सरळ करायला लावला, दुखला नाही. हळूहळू वाकवला, अगदी शेवटच्या टप्प्यात वरून ताण जाणवला. मग वाटीवर बोट टेकवलं आणि मी ओरडले. ते म्हणाले, “सूज सांध्यात नाहीये, सांध्याच्या बाहेर आहे. वाटी आणि कातडी यांच्या मधल्या पिशवीत.”

ही पिशवी म्हणजे बर्सा. हाड, स्नायूबंध आणि कातडी एकमेकांवर घासू नयेत म्हणून शरीरात जागोजागी अशा पातळ, चपट्या पिशव्या असतात आणि त्यांच्यात अगदी थोडा बुळबुळीत द्रव असतो. एका गुडघ्याभोवतीच दहाच्या आसपास असतात. वाटीच्या पुढच्या पिशवीवर पुन्हा पुन्हा दाब आला की तिचं अस्तर सुजतं, ती जास्त द्रव तयार करते आणि फुगते. फरशी बसवणारे कारागीर, प्लंबर, कुस्तीगीर, वाकून लादी पुसणाऱ्या बायका यांचं हे नेहमीचं दुखणं. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या दोन-तीन बोटं खाली अशीच आणखी एक पिशवी असते. तिथलं दुखणं धावणाऱ्यांना आणि वजन जास्त असलेल्यांना अधिक होतं आणि त्याचे नियम थोडे निराळे. माझं पुढच्या पिशवीचं होतं. एक्स-रे काढला तो वयाच्या मानाने चांगला निघाला.

त्यानंतर त्यांनी विचारलेले प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. ताप आला होता का? कातडी लाल झाली का? हात लावला तर गरम लागते का? गुडघ्यावर खरचटलं होतं का, कातडीला भेग आहे का? ही पिशवी कातडीच्या लगेच खाली असल्यामुळे बारीकशा जखमेतूनही तिच्यात जंतू शिरू शकतात, आणि मग तो निराळाच आजार होतो. तिथे बर्फ आणि विश्रांतीवर भागत नाही, प्रतिजैविकं लागतात आणि कधीकधी दवाखान्यात भरती व्हावं लागतं. माझ्यात यातलं काही नव्हतं. तरी त्यांनी बजावलं, “यातलं एक जरी दिसलं तरी सोमवारची वाट बघायची नाही.”

औषधोपचार तसा साधाच होता. कापडात गुंडाळलेला बर्फ दिवसातून तीन-चारदा, एका वेळी पंधरा मिनिटं. मी फ्रीझरमधली मटारची पिशवी वापरायचे. ती गुडघ्यावर नीट बसते. क्रेप बँडेज हलक्या हाताने. रात्री पायाखाली उशी. मला रक्तदाबाची गोळी चालू असल्याने वेदनाशामक गोळ्या त्यांनी अगदी थोडे दिवस दिल्या आणि बाकी वरून लावायच्या जेलवर भागवलं. आणि एक वाक्य जाड अक्षरात लिहून दिलं: गुडघा जमिनीला टेकायचा नाही.

मी विचारलं, “आणि व्यायाम?”

“टेकायचा नाही, एवढंच म्हटलंय मी. थांबायचं असं कुठे म्हटलंय?”

पुढचं सगळं या दोन वाक्यांवर उभं राहिलं. पण ती अमलात आणणं सोपं गेलं नाही, कारण आपलं घरातलं जगणं किती वेळा जमिनीला गुडघा लावतं हे तोवर लक्षातच आलेलं नसतं. देवघरापुढे बसताना-उठताना. पलंगाखालची पेटी ओढताना. ओट्याखालचा डबा काढताना. वाकून नमस्कार करताना. जमिनीवर बसलेलं माणूस उठताना आधी एक गुडघा टेकतं आणि मग हातावर भार देऊन उभं राहतं. मी देवघर चौरंगावरून उचलून कंबरेच्या उंचीच्या फळीवर नेलं. सासूबाईंना विचारूनच. त्या म्हणाल्या, “देवाला काही फरक पडत नाही, तू आधी नीट हो.” त्यांच्या या एका वाक्याने माझी निम्मी घालमेल गेली.

आत्याने लेपगुटी पाठवली आणि गरम शेकाचा आग्रह धरला. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. लेपाने कातडीवर पुरळ येत नसेल तर हरकत नाही, पण सूज ताजी असताना गरम शेक नको आणि वरून चोळणं तर अजिबात नको, असं ते म्हणाले. दाबाने सुजलेल्या पिशवीला आणखी दाब कशासाठी? हे आत्यालाही पटलं. बाजारातली घट्ट नी-कॅप तर मी एका दिवसात काढून ठेवली. तिची शिवण नेमकी फुगवट्यावर घासत होती. ज्यांना सांध्याचं दुखणं आहे त्यांना तिचा आधार वाटत असेल, पुढच्या पिशवीला मात्र तिचा जाच होतो.

तीन आठवड्यांनी सूज उतरली, पण पूर्ण नाही. मग सुईने पाणी काढायचं ठरलं. त्याची मला फार धास्ती होती, प्रत्यक्षात रक्त तपासायला देण्याइतकंच दुखलं. निघालेला द्रव पिवळसर होता. तो प्रयोगशाळेत पाठवला गेला, जंतू आहेत का आणि युरिक ॲसिडचे स्फटिक आहेत का हे बघायला. दोन्ही नव्हते. गाउटमुळेही ही पिशवी सुजते, म्हणून ही तपासणी. घरी आले तेव्हा गुडघा पुन्हा माझा दिसत होता. आठवडाभरात पिशवी परत अर्धी भरली. असं होतं, अस्तर शांत व्हायला वेळ लागतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा पर्यायही त्यांनी सांगितला, त्यातले धोके सांगितले: कातडी पातळ होऊ शकते, जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. दोघांनी मिळून थांबायचं ठरवलं. ज्यांना ते घ्यावं लागतं त्यांनी घाबरू नये. मला आणखी महिना-दीड महिना देण्याची मुभा होती, एवढंच.

आता फिजिओथेरपिस्ट मॅडमबद्दल. वयाने माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या असतील, पण माझं खरं शिक्षण त्यांनी केलं. पहिल्याच दिवशी टेप घेऊन दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. उजवी दीड सेंटिमीटरने बारीक झाली होती. मी चालत होते, कामाला जात होते, तरीही! गुडघा दुखतो म्हणून आपण नकळत त्या पायावर कमी भार घेतो आणि मांडीचा पुढचा स्नायू भराभर उतरतो. मग गुडघ्याला आधार राहत नाही आणि एक दुखणं बरं होताना दुसरं दाराशी येतं. ‘पूर्ण विश्रांती घे’ म्हणणाऱ्या सगळ्यांना तो टेप दाखवावा असं मला वाटलं.

त्यांनी व्यायामाची यादी दिली नाही, आधी अडचण विचारली. माझी अडचण अशी की जमिनीवर सतरंजी घालून व्यायाम करायचा तर खाली बसताना-उठताना गुडघा टेकतोच. त्या म्हणाल्या, सगळं दिवाणावर करा. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, तो खाली दाबायचा, मांडी आवळायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. मग सरळ पाय वीतभर वर उचलून धरायचा. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, म्हणजे कंबरेच्या बाजूचे स्नायू जागे होतात. पाठीवर झोपून कंबर उचलायची. ओट्याला धरून टाचा वर-खाली. यातल्या कशानेही पिशवीवर दाब येत नाही, आणि पंधरा दिवसांनी जिना चढताना पायात जोर आल्याचं जाणवायला लागतं. भिंतीला पाठ लावून थोडंसं खाली बसणं नंतर आलं, तेही अगदी अर्ध्यावर थांबून.

किती करायचं याचं मोजमाप त्यांनी दुसऱ्या दिवसाच्या सकाळवर ठेवलं. व्यायाम करताना थोडं जाणवलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणं आदल्या सकाळपेक्षा वाढलेलं नसलं पाहिजे. वाढलं असेल तर त्या दिवशी अर्धं करायचं, बंद करायचं नाही. मी रोज सकाळी आरशासमोर दोन्ही वाट्या शेजारी शेजारी बघायचे आणि कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खुणेच्या वर माझी खूण करायचे.

सूर्यनमस्कार सोडायचे नव्हते. ते मी शाळेपासून घालते आहे. मॅडमना बारा अंक करून दाखवले, तेव्हा त्यांनी नेमकं बोट ठेवलं: चौथ्या आणि नवव्या अंकात मागच्या पायाचा गुडघा टेकतो, सहाव्यात दोन्ही. बाकी नऊ अंकांना काहीच अडचण नाही. मग चौथ्या-नवव्यात मागचा गुडघा हवेत उचलून ठेवायचा, त्यासाठी पुढच्या मांडीत ताकद लागते, ती येईपर्यंत हात जमिनीऐवजी खुर्चीच्या बैठकीवर. सहाव्यात अष्टांगाऐवजी कोपरं अंगालगत ठेवून सगळं अंग एकसंध खाली. हे मला सुरुवातीला जमेना, खांदे थरथरायचे. दोन महिन्यांनी जमलं, आणि आता माझे दंड पूर्वी कधी नव्हते इतके मजबूत आहेत. वज्रासन, उष्ट्रासन आणि चार पायांवरचं मार्जारासन मात्र बाजूला ठेवलं. योगवर्गात कुणी आग्रह केला तर सरळ नाही म्हणायचं. आसन पूर्ण करण्यासाठी पिशवी सुजवण्यात काही साधना नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दम टिकवायला पोहणं. पोहता येत असेल तर यासारखं दुसरं काही नाही: शरीराचा भार पाण्यावर, गुडघ्याला कुठेच काही टेकत नाही. मी फ्रीस्टाइलच पोहत होते. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ गुडघ्याला बाहेरून आत पिळते, आतल्या बाजूचं दुखणं असलेल्यांनी तर ती टाळावीच. पोहायचं नसेल तेव्हा छातीएवढ्या पाण्यात नुसतं चालायचे. सुई टोचलेली जागा पूर्ण भरेपर्यंत तलाव बंद ठेवला होता. जिममधल्या सायकलवर बैठक उंच केली, पाय खाली गेल्यावर गुडघा जेमतेम वाकलेला राहील इतकी. बैठक खाली असेल तर गुडघा फार दुमडतो आणि पुढची कातडी ताणली जाते.

लोकलचा प्रवास हा यातला भाग कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. डोंबिवलीहून मुंबईपर्यंत तासाभराहून जास्त बसायला मिळणं ही भाग्याची गोष्ट, पण चौथ्या सीटवर दुमडून बसलेला गुडघा तासाभराने ठणकायचा आणि समोरच्या बाईची पिशवी नेमकी त्यावर टेकायची. मी दाराजवळच्या पॅसेजमध्ये उभी राहायला लागले, पाठ पार्टिशनला, दोन्ही पायांवर सारखा भार. उभ्या-उभ्या टाचा वर-खाली. ठाण्यापर्यंत उभं राहिलं की पुढे कुणीतरी खिडकीची जागा द्यायचं, तिथे पाय थोडा पसरता यायचा. आमच्या डब्यातल्या बायकांना एकदा कळलं की त्या विसरत नाहीत.

मधले दोन महिने मनाने जड गेले, हेही लिहायला हवं. चालताना काही दुखत नसताना ‘जपा हं’ ऐकत राहायचं, आणि फुगवटा रोज तेवढाच दिसायचा. वजन वाढेल ही भीती होती. ते फारसं वाढलं नाही, कारण रात्रीची पोळी एक कमी करून मी उसळ आणि ताक वाढवलं आणि पोहणं चुकवलं नाही. पण खरा दिलासा मिळाला तो टेपने. मांडीतला फरक कमी होत गेला, आणि मॅडमनी दोन्ही आकडे सारखे लिहिले त्या दिवशी मी घरी पेढे नेले. सूज त्यानंतर हळूहळू गेली. आज हाताला वाटीवर किंचित जाडसरपणा लागतो, बाकी काही नाही.

त्या हिवाळ्यात कळसूबाईला गेले. १६४६ मीटर, बारी गावातून चढ, मधे लोखंडी शिड्या. चढण्याची भीती नव्हती, कारण चढताना गुडघा नुसता वाकतो. काळजी होती ती खडकांवरून जाताना आपण सवयीने गुडघा टेकून वर चढतो त्याची. म्हणून पाऊल ठेवायला नीट जागा शोधायची, हाताने धरायचं आणि गुडघ्याला खडक लागू द्यायचा नाही, असं मनाशी म्हणत गेले. वेळ जास्त लागला. उतरताना दोन काठ्या घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही वाट्या आरशात सारख्याच होत्या, आणि तेव्हा मी आत्याला फोन लावला.

रांगोळी पुन्हा सुरू केली तेव्हा काम करण्याची पद्धत बदलली. मोठी वर्तुळं आणि रंग पसरणं मी गटातल्या तरुण मुलींकडे दिलं. रेघांचं काम मी करते, लाकडी पाटावर बसून, एक पाय पुढे सरळ ठेवून, थोड्या थोड्या वेळाने पाय बदलत. जिथे गुडघा टेकल्याशिवाय हात पोचतच नाही, तिथे चुंबळीसारखं मधे भोक असलेलं जाड फोमचं पॅड वापरते. त्यामुळे भार वाटीच्या भोवती जातो, वाटीवर येत नाही. तेही सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही. गटातल्या सगळ्याच मुलींना आता मी पॅड लावल्याशिवाय डांबरावर बसू देत नाही. विशीतल्या मुली कुरकुरतात, पण लावतात. काम झालं की गुडघे धुऊन, पुसून, कुठे खरचटलं आहे का ते बघायचं आणि तेल लावायचं, हाही नियम केला आहे.

या सगळ्याचा उपयोग मला नको तिथे झाला. आमच्याकडे लादी पुसायला येणाऱ्या मावशी पावसाळ्यात एक दिवस लंगडत आल्या. विचारलं तर म्हणाल्या, “ताई, तुमच्यासारखंच झालंय.” पाहिलं तर गुडघा लालभडक, हात लावला तर तापलेला, आणि अंगातही कणकण. माझ्यासारखं नव्हतं ते. डॉक्टरांचे पहिल्या दिवशीचे सगळे प्रश्न एकदम आठवले. तशीच रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं. पिशवीत पू झाला होता. तो काढला, काही दिवस शिरेतून आणि मग तोंडाने औषधं दिली, आणि त्या बऱ्या झाल्या. आणखी दोन दिवस काढले असते तर काय झालं असतं, हे तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन समजावलं.

त्या कामावर परत आल्या तेव्हा मी लांब दांड्याचं पोछा आणून ठेवलं होतं. त्यांना आधी पटेना, वाकून पुसल्याशिवाय कोपरे निघत नाहीत म्हणाल्या. कोपऱ्यात थोडी धूळ राहिली तरी चालेल, गुडघा टेकायचा नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. त्या आणखी तीन घरी लादी पुसतात. दोघींनी पोछा आणला आहे. तिसऱ्या घरच्या वहिनींशी रविवारी बोलायचं ठरलं आहे, आणि मावशींच्या सांगण्यावरून दवाखान्याचे कागद सोबत घेऊन जाणार आहे.